हिराजी मास्तरांचा भरवसा

आमच्या घरात संशय वडिलोपार्जित आहे. वडील भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघायचे. आई दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवायची. मी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एका दुकानातून घ्यायचो आणि हे तेच आहे ना, म्हणून दुसऱ्या दुकानात जाऊन विचारायचो. अशा घरात माझी धाकटी बहीण शुभा एकदा जेवताना म्हणाली की ती उद्यापासून पहाटे योगाचं धावणं शिकायला जाणार आहे. पानावरचे आम्ही तिघंही थांबलो.

वडिलांचं म्हणणं असं की योग म्हणजे एका जागी बसणं आणि धावणं म्हणजे न बसणं. दोन्ही एकत्र शिकवणारा माणूस एकतर वेडा असला पाहिजे नाहीतर लबाड. शुभा तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. लांब पल्ल्याच्या शर्यतींत कॉलेजात पहिली यायची. जिल्ह्याकडून निवड झाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, हे तिने कुठूनतरी ऐकलेलं आणि ते डोक्यात पक्कं बसलेलं. नोकरीचं नाव निघाल्यावर आई थोडी मऊ झाली. पण शिकवणारा बाळकुमचा हिराजी मास्तर म्हणून कोळी आहे म्हटल्यावर ती पुन्हा ताठ झाली. मासे खाणारा माणूस प्राणायाम काय शिकवणार, असं ती म्हणाली. वाक्य आईचं असलं तरी तेव्हा मनातून माझंही तेच होतं, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी शुभाच्या मागोमाग निघालो. आम्ही खोपटला राहायचो. एसटी डेपोच्या पुढच्या मोकळ्या जागेत दहा-बारा मुलंमुली जमली होती. मध्ये एक बुटका, काळा, कारखान्याच्या खाकी कपड्यातला माणूस सायकलला टेकून उभा होता. त्याच्या हातात पितळी तांब्या. तो प्रत्येकाच्या तोंडात घोटभर पाणी ओतत होता. पाणी कुणीही गिळलं नाही. गाल फुगवलेली ती पोरं तशीच माजिवड्याच्या दिशेने पळत सुटली आणि मास्तर सायकलवर त्यांच्या मागे. एवढी पोरं पळतात आणि कुणाच्या तोंडून अवाक्षर नाही, हे दृश्य मला अजिबात आवडलं नाही. हा काहीतरी पंथबिंथ असणार, असं मी नक्की केलं.

तासाभराने ती परत आली. प्रत्येकाने मास्तरांसमोर येऊन तोंडातलं पाणी जमिनीवर टाकायचं. ज्याच्या तोंडातून पाणी आलं तो नाकाने श्वास घेत पळाला. ज्याने वाटेत तोंड उघडलं त्याच्याकडे पाणी उरणार कुठून? मास्तर त्याला रागवायचे नाहीत, फक्त उद्या हळू पळ म्हणायचे. "पाय पळत नाय, नाक पळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ज्याला जेवढा वेग नाकाने झेपतो तेवढाच त्याचा, बाकीचा लोकांना दाखवायचा, असं ते सांगत. मी मनाशी म्हटलं, टाळ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस दिसतोय.

माझ्या ध्यानात आलेली पहिली गोष्ट म्हणजे मास्तर स्वतः कधीच पळत नसत. दुसरी म्हणजे त्यांच्या मनगटावर घड्याळ नसे. मी शुभाला विचारलं की ज्याला स्वतःला पळता येत नाही आणि वेळ मोजता येत नाही, तो शिकवतो काय? ती म्हणाली, "दादा, तू येऊन नुसता बघत बसतोस ना, तसंच ते बघतात. फरक इतकाच की त्यांना दिसतं."

मग मी चौकशीला लागलो. मास्तर माजिवड्याकडच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, म्हणजे गेटवर बसून कामगारांच्या हजेरीची कार्डं सांभाळायची. तिथल्या एका फिटरला मी चहा पाजला. तो म्हणाला, माणूस असा की सख्खा भाऊ चार मिनिटं उशिरा आला तर त्याच्या कार्डावरही लाल शिक्का मारतो. दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. मला वाटलं, माणूस इतका सरळ असतो कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय.

शेवटी सरळ त्यांनाच विचारलं, गुरू कोण तुमचे. मला वाटलं होतं की हिमालय नाहीतर निदान नाशिक तरी निघेल. ते म्हणाले, कारखान्याच्या दवाखान्यात आसनांचा तक्ता टांगलेला आहे, तो एक गुरू. आणि दुसरी खाडी. लहानपणी ते वडिलांबरोबर होडीतून जात. जाळ्याचे खुंट पाण्याखाली घट्ट करायला बुडी मारावी लागे. घाबरलेल्या माणसाचा दम लवकर संपतो आणि शांत माणसाचा पुरतो, हे त्यांना तिथे कळलं. पुढे तक्त्यावर प्राणायाम बघितला तेव्हा हे तर आपण केलेलंच आहे, असं त्यांना वाटलं. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं की याला ना गुरू ना सर्टिफिकेट. वडिलांनी मान हलवली, म्हणाले, लक्ष ठेव.

लक्ष ठेवायचं काम मी मनापासून केलं. दर पहाटे मी तिथे हजर. धावून झालं की मास्तर सगळ्यांना शवासनात झोपवत. एकदा डेपोसमोर गाड्या लावलेल्या होत्या म्हणून माजिवडा नाक्याजवळ हायवेच्या कडेलाच त्यांनी पोरांना ओळीने आडवं केलं. अंगात पांढरे बनियन, डोळे मिटलेले, हातपाय सैल. एक ट्रक करकचून थांबला. सरदारजी ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन धावत उतरला आणि कुठल्या गाडीने उडवलं, असं मलाच विचारू लागला. मागे आणखी दोन गाड्या थांबल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, पाच मिनिटं थांबा, उठतील. ड्रायव्हरने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर माझ्या ओळखीची होती. त्या दिवशी मला फार दिवसांनी कुणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मग मनगटाची गोष्ट आली. धावण्याआधी मास्तर प्रत्येकाची नाडी बघत. मुलींचीही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं की तुम्ही माझ्या बहिणीचा हात धरलेला आम्हाला चालणार नाही. मला भांडण अपेक्षित होतं, तयारीही केलेली. ते जराही रागावले नाहीत. "मंग तुमी धरा," ते म्हणाले. "पहाटे ती डोळं उघडंल, उठायच्या आत मोजायची. चहा नाय, बोलनं नाय. मना येऊन आकडा सांगायचा."

असा मी संशय घ्यायला गेलो आणि कामाला लागलो. रोज साडेचारला गजर व्हायचा. मी शुभाच्या अंथरुणाशी बसून एका हातात तिचं मनगट धरून दुसऱ्या हातावरचं घड्याळ बघत मिनिटभर मोजायचो. ती अर्धवट झोपेत असायची. तिची नाडी अठ्ठावन्न असे. कधी सत्तावन्न, कधी साठ. खरं सांगायचं तर दिवसातलं ते एक मिनिट मला आवडायला लागलं होतं. बहीणभाऊ मोठे झाल्यावर एकमेकांच्या इतके जवळ कधी बसतात?

मास्तरांचा नियम एकच होता. नेहमीच्या आकड्यापेक्षा आठ ठोके वाढले की त्या दिवशी पळायचं नाही, नुसतं शवासन आणि श्वास. शरीर आधी नाडीत बोलतं आणि मग तापात, असं ते म्हणत. बाकीच्या पोरांनी आकडा सांगितला की ते स्वतः मनगट धरून पुन्हा ताडून बघत, कारण पळायला मिळावं म्हणून पोरं खोटं बोलत. माझा आकडा मात्र ते कधी तपासत नसत. मी ‘एकोणसाठ’ म्हणायचो आणि ते मान हलवायचे.

दोनदा त्यांनी या नियमाने शुभाला बसवलं. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी तिला सर्दीताप आला. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही, आणि तिथून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कारण वर्गात मंदा नावाची आणखी एक मुलगी होती, शुभाइतकीच तयारीची. बाळकुमची. मास्तरांच्या सख्ख्या भावाची पोर. शुभाला बसवलं त्या दोन्ही दिवशी मास्तरांची सायकल मंदाच्या शेजारून चालली होती. निवडीच्या शर्यतीतून जिल्ह्यातल्या दोघीच पुढे जाणार होत्या, आणि दुसऱ्या गावची एक पोर सगळ्यांच्या पुढे आहे हे सर्वांना माहीत होतं. म्हणजे उरलेली जागा एक आणि या दोघी. मी वडिलांना म्हटलं, ऐन वेळेला हा माणूस नाडीचं निमित्त काढून आपल्या शुभाला बसवणार, बघा तुम्ही. वडील म्हणाले, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

शर्यत रविवारी होती. कल्याणला दुर्गाडीपासून निघून पत्रीपुलावरून डोंबिवलीच्या एमआयडीसीपर्यंत. त्या दिवशी साडेतीनलाच गजर लावलेला. मी शुभाचं मनगट धरलं आणि मोजलं. चौऱ्याहत्तर. घड्याळ चुकतंय म्हणून पुन्हा मोजलं. पुन्हा चौऱ्याहत्तर.

"किती रे?" शुभाने डोळे न उघडता विचारलं.

"साठ," मी म्हणालो.

शर्यतीचं दडपण आहे, कुणाचीही वाढेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्या माणसाच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या? वर्षभर तिने पहाटे उठून रस्ते तुडवलेले. हे सगळं मी तिची वेणी होईपर्यंत मनात घोळवलं, आणि आम्हाला कल्याणला नेणारा टेम्पो आला तेव्हा मला ते पूर्ण पटलेलं होतं.

दुर्गाडीला उजाडत होतं. मास्तर एकेकाची नाडी बघत पुढे येत होते. मंदा एका दगडावर बसली होती, पायात चपला. तिचे बूट शेजारी पडले होते. मी वर्गातल्या एका मुलाला विचारलं, ही तयार का होत नाही? तो म्हणाला, मास्तरांनी बसवली, नाडी चढलीय तिची. रडून झालं तिचं मघाशीच.

मी ते ऐकलं. बोलायला अजून वेळ होता. मास्तर माझ्यापासून दहा पावलांवर होते आणि शर्यत सुटायला अर्धा तास होता. ज्या संशयापायी मी खोटं बोललो तो खोटा होता, हे मला तेव्हाच, तिथेच कळलं होतं. पण त्याबरोबर हेही कळलं होतं की मंदा नाही म्हणजे जागा शुभाची. यापुढचं मी कुणावर ढकलू शकत नाही.

मास्तर आले. "किती?"

"साठ."

त्यांनी शुभाकडे जरा जास्त वेळ बघितलं. तोंड उतरलंय हिचं, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुमी मोजलंय ना? मंग पळू दे."

पत्रीपुलापर्यंत शुभा दुसरी होती, असं मला नंतर समजलं. पूल उतरल्यावर ती वाकडी चालायला लागली आणि पुढच्या वळणाला रस्त्याच्या कडेला कोसळली. मास्तरांनी सायकल टाकून तिला उचललं, रिक्षात घातलं आणि डोंबिवलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. मी पोचलो तेव्हा ती उलट्या करत होती. डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून दाखवल्या. कावीळ होती. काही दिवसांपासून अंगात असणार, म्हणाले, अशा अवस्थेत पळवलं कुणी हिला? मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर जमिनीकडे बघत होते.

साडेतीन महिने शुभा अंथरुणावर होती. मधले काही दिवस तर असे गेले की आईने देव पाण्यात घातले. वडिलांनी पळणं कायमचं बंद केलं आणि शुभाने वाद घातला नाही, तेवढी ताकदच तिच्यात राहिली नव्हती. नोकरीचा कोटा, निवड, सगळं त्या वळणावर राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात मास्तर घरी आले. हातात सोललेल्या उसाची मोळी, कावीळ झालेल्यांना देतात म्हणून. आईने त्यांना आत बोलावलं नाही आणि ते आलेही नाहीत. दारातच उभे राहून वडिलांना म्हणाले, "चूक माझी हाय. नाडी साठ होती, मी आकड्यावर भरवसा ठेवला. पोरीचं तोंड मना दिसत होतं. डोळ्यांनी दिसतंय ते सोडून मी आकडा धरला. साठ नाडीवर पोर पडते, मंग माझी पद्धतच खोटी म्हनायची."

मी वडिलांच्या मागे उभा होतो. वडील त्यांना नको नको ते बोलले. गुरू नसलेल्या माणसाने लोकांच्या मुलींशी खेळू नये, असंही म्हणाले. मी एक शब्द काढला नाही. मास्तरांनी ऊस उंबऱ्याशी ठेवला आणि गेले.

पंधरवड्यात त्यांनी वर्ग बंद केला. मुलं घरी जाऊन विनवण्या करून आली, पण उपयोग झाला नाही. ज्यावर आपलाच भरवसा नाही ते दुसऱ्याच्या पोरांना कसं शिकवू, एवढंच ते म्हणत. खोपटला लोक म्हणायचे की पोलीस तक्रारीच्या भीतीने बुवाने गाशा गुंडाळला. मीही ते ऐकलं आहे. पानाच्या टपरीवर उभं राहून ऐकलं आणि मान हलवली आहे.

शुभा पुढे एका शाळेत शिक्षिका झाली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली. तिला मी आजवर काही सांगितलेलं नाही. कधीकधी ती म्हणते, मास्तरांचं काही चुकलं नव्हतं रे, माझं नशीबच वाईट, साठ नाडी असून पडले. मी विषय बदलतो.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. बाळकुमला बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या आणि मी तिथे एक फ्लॅट बघायला गेलेलो. बिल्डरच्या माणसाने दाखवलेला कागद मला पटेना, म्हणून गावातल्या कुणाकडून तरी जागेची खात्री करून घ्यावी म्हणून आत गल्लीत शिरलो. एका ओसरीवर मास्तर बसले होते. केस सगळे पिकलेले, बाकी शरीर तसंच. सुपातला जवळा निवडत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं, सूप बाजूला सारलं आणि आतल्या कुणालातरी चहा टाकायला सांगितलं. पहिला प्रश्न, शुभा बरी हाय ना?

मी बरी आहे म्हणालो आणि मग काय झालं मला कळलं नाही, फ्लॅटबिट सगळं राहिलं आणि मी सांगून टाकलं. त्या दिवशी नाडी चौऱ्याहत्तर होती, मी दोनदा मोजली होती, तुम्हाला साठ सांगितली. तुमची पद्धत खोटी नव्हती, मी खोटा होतो.

मास्तर हसले. इतक्या मायेने हसले की मला घाम फुटला. "नाय हो," ते म्हणाले. "तुमी आनि चुकीचा आकडा? अख्ख्या वर्गात ज्याचं मोजलेलं मी परत बघत नव्हतो असा तुमी एकटा मानूस. इतका संशयी मानूस खोटं कशाला सांगेल?"

मी पुन्हा सांगितलं, शपथ घातली. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही इतक्या वर्षांनी आलात, एवढं कोण करतं, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना खरंच पटलं नव्हतं की मला सोडवायला ते तसं बोलत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही. मी त्यांच्या चेहऱ्यावर सवयीने लबाडी शोधत होतो.

चहा घेऊन एक बाई बाहेर आली. पदर खोचलेला, कडेवर लहान मूल. मंदा होती. तिने कप माझ्यासमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. आतून तिने सगळं ऐकलं असणार.

"चौऱ्याहत्तर होती?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. तिला मी काय सांगतोय ते लगेच पटलेलं दिसलं.

"माझी सत्तर होती त्या दिवशी," ती म्हणाली. "मी खरी सांगितलेली."

मग मूल सावरत ती आत गेली. मास्तर म्हणत होते, घ्या हो चहा, निवंल.